ट्रेंटनच्या आमदारांना गाठताय? या चुका टाळा

मे २०२० मध्ये मिनीॲपोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला, तेव्हापासून न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींचे मला फोन येतात. ‘वर्णभेदावर, पोलिसांच्या मनमानीवर बोलायला हवं. कुणाला लिहू?’ जरूर लिहा, आणि आधी आपल्या राज्याच्या राजधानीला, ट्रेंटनला लिहा. पण त्याच त्याच चुका बघून आता मात्र जीव विटलाय.

पहिली चूक म्हणजे सगळं वॉशिंग्टनला धाडणं. एकच ईमेल शंभरच्या शंभर सिनेटरांना पाठवून लोक समाधानाने झोपतात. मतदारसंघाबाहेरचा पत्ता दिसला की ती ऑफिसं ईमेल सहसा बाजूला सारतात. शिवाय इथले पोलीस गावाचे आणि राज्याचे. आपल्या राज्यातल्या नुअर्क शहराचंच घ्या. शहराने २०१६ मध्ये पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला नागरिकांचं मंडळ नेमलं. पोलीस संघटना कोर्टात गेली. ऑगस्ट २०२० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मंडळ खुशाल ठेवा, पण समन्स काढायचा अधिकार राज्याच्या कायद्याशिवाय मिळणार नाही. आता समन्स नसलेल्या मंडळाला साक्षीदार आणि कागद कोण देणार? तो अधिकार द्यायचा तर ट्रेंटनच्या विधिमंडळानेच. तुमच्या मतदारसंघाला एक स्टेट सिनेटर (राज्याच्या वरच्या सभागृहाचा) आणि दोन असेंब्ली मेंबर (खालच्या सभागृहाचे) असतात. त्या तिघांना लिहा, झालं.

दुसरी, मेलेल्या बिलाचा नंबर. फ्लॉइड यांच्या नावाचं पोलीस सुधारणांचं बिल जून २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या हाउसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, पास झालं तेव्हा त्याचा नंबर ७१२० होता. सिनेटमध्ये ते अडकलं, अमेरिकी संसदेची ती मुदत संपली आणि बिलही गेलं. मार्च २०२१ मध्ये ते पुन्हा पास झालं ते १२८० म्हणून, आणि पुन्हा सिनेटमध्येच अडकलं. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र ७१२० ला पाठिंबा मागणारा फॉरवर्ड फिरतच होता. ट्रेंटनचं सत्र दोन वर्षांचं, सम वर्षाच्या जानेवारीत पाटी कोरी. पाठवायच्या दिवशी सकाळी मी विधिमंडळाच्या साइटवर नंबर बघतेच. दोन मिनिटं लागतात, तरी लोकांना तेवढाही धीर नसतो.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. एका समितीच्या सुनावणीला आमच्या ओळखीतले एक काका आले. इस्त्रीचा सूट, हातात चार पानं. प्रत्येकाला तीन मिनिटं होती. काकांनी सुरुवात केली जोतीरावांपासून: १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. मुद्दा नामी होता. फोनमध्ये डोकं घातलेल्या एका असेंब्ली मेंबर बाईंनी चक्क मान वर केली. तिथे थांबावं की नाही! काका सत्यशोधक समाजात शिरले, तिथून शाहू महाराजांकडे निघाले आणि वाटेतच अध्यक्ष म्हणाले, ‘थँक यू, सर.’ बिलाचा नंबर, पाठिंबा की विरोध, सगळं चौथ्या पानावर राहिलं. बाहेर आल्यावर काका माझ्यावरच चिडले, ‘तीन मिनिटांत काय होतं?’

होतं की. मी एडिसनला राहते, अमुक नंबरचं बिल, ‘हो’ म्हणून मत द्या, हे पहिल्या दमात. मग एकच कारण, तेही ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहील असं. पोलिसांच्या लायसन्सची चर्चा चालू होती तेव्हा ‘इथे न्हाव्याला लायसन्स लागतं, पोलिसाला नाही’ एवढं म्हटलं तरी पुरायचं. पोलिसांच्या लायसन्सचा तो कायदा जुलै २०२२ मध्ये झाला. जोतीराव नंतर आणा, वेळ उरला तर.

‘आम्ही इंडियन कष्टाळू, कायदा पाळणारे’ ही टेप लावू नका. बाकीचे तसे नाहीत, असाच तिचा अर्थ निघतो. आणि २०१५ मध्ये अलाबामात मुलाकडे आलेल्या गुजराती आजोबांना पोलिसाने जमिनीवर आपटलं, तेव्हा पोलिसांना फोन करणाऱ्याने ‘काळा माणूस फिरतोय’ असंच सांगितलं होतं.

दिलेल्या देणगीची आठवण करून देऊ नका, ऑफिसवाले दचकतात. ग्रीन कार्डवाल्यांनो, तुम्हालाही लिहिता येतं, फक्त ‘मी तुमचा मतदार’ असं ठोकू नका. ऑनलाइन याचिकेवर सही करून हात झटकणाऱ्यांबद्दल मी काही बोलतच नाही. आमदाराच्या ऑफिसात फोन उचलणाऱ्या पोराशी वाद घालू नका. तो बिचारा नाव, झिप कोड आणि बाजूने की विरोधात एवढंच टिपून घेतो. वॉशिंग्टनला लिहायचंच असेल तर पोस्टाने नको, २००१ मध्ये पत्रांतून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले तेव्हापासून तिथली पत्रं तपासणीतून जातात आणि उशिरा पोचतात.

आणि बिलावर मतदान झाल्यावर पुन्हा फोन करा. ‘हो’ दिलं असेल तर आभार माना, नसेल तर का नाही ते विचारा. हा दुसरा फोन शंभरात एखादाच करतो, म्हणून तो ऑफिसच्या लक्षात राहतो.