डी ड्राइव्हमधला बॅकअप आणि घरगुती संगणकाच्या इतर चुका

ओळखीच्यांचे संगणक दुरुस्त करून देताना "कोणता अँटिव्हायरस घेऊ?" हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकावा लागतो. "बॅकअप कसा घेऊ?" असे मात्र फायली गेल्यानंतरच विचारले जाते, आणि तोवर माझ्या हातात फारसे काही उरलेले नसते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. विंडोज १० किंवा ११ मध्ये मुळातच असलेला डिफेंडर हा अँटिव्हायरस घरगुती वापराला पुरतो. मुलांवर देखरेख हवी असेल किंवा अडचणीत फोनवर मराठीत बोलणारा माणूस हवा असेल, तर विकतचा जरूर घ्यावा. पण एकच घ्यावा. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी पहारा देऊ लागले की एकमेकांच्या कामात अडथळे आणतात आणि संगणक रांगू लागतो. मुदत संपलेला विकतचा अँटिव्हायरस तसाच ठेवून देणे ही तर त्याहून वाईट खोड आहे. तो काढून टाकावा आणि डिफेंडर पुन्हा चालू झाल्याची खात्री स्वतः करून घ्यावी.

आता माझ्या रागाच्या विषयाकडे येतो. "सगळे डी ड्राइव्हमध्ये ठेवले आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता उत्तर देण्यापूर्वी पाणी पितो. बहुतेक घरांत सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बंद पडली की दोन्ही एकदमच जातात.

आमच्या सोसायटीतील एका निवृत्त गुरुजींनी आईच्या तोंडच्या ओव्या श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकून ठेवल्या होत्या. एक प्रत सीमध्ये, दुसरी डीमध्ये आणि तिसरी मॉनिटरमागे कायम जोडलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, अशी व्यवस्था ते अभिमानाने दाखवत. नातवाने व्हिडिओ संपादनाच्या एका प्रोग्रामचा क्रॅक, म्हणजे विकतचा प्रोग्राम फुकट चालवणारी चोरवाट, उतरवला. सोबतच्या सूचनेत "आधी अँटिव्हायरस बंद करा" असे लिहिले होते आणि मुलाने तो आज्ञाधारकपणे बंद केला. संध्याकाळपर्यंत प्रत्येक फाइलच्या नावाला चार अनोळखी अक्षरे चिकटली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एकच चिठ्ठी पडली होती: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क साधल्यास ४९०. फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या या खंडणीखोर प्रोग्रामला सी, डी आणि मॉनिटरमागची डिस्क यांत काहीच फरक दिसला नाही, कारण तिन्ही त्याच्या हाताशी होत्या. वाचला तो छपाईसाठी डीटीपीवाल्याकडे देऊन विसरलेला, आठ महिन्यांपूर्वीचा पेन ड्राइव्ह. तोही नव्या संगणकावर उघडला तेव्हा "पहिली माझी ओवी" या ओळीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसला, कारण श्रीलिपीच्या फॉन्टची प्रत कोणी घेतलीच नव्हती. फॉन्ट मिळवण्यात आणखी चार दिवस गेले. जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर फॉन्टही बॅकअपमध्ये ठेवावा आणि सवड मिळताच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्टशिवायही वाचता येणाऱ्या लिपीसंकेतात, आणावा.

माझी स्वतःची पद्धत जुनाट आहे. रविवारी सकाळच्या चहानंतर मी हार्ड डिस्क जोडतो, त्या दिवसाच्या तारखेचा नवा फोल्डर करून त्यात नक्कल घेतो, तीन फायली उघडून पाहतो, वायर काढतो आणि डिस्क कपाटात ठेवतो. जुन्या फोल्डरवर नवे कधीच लिहीत नाही, कारण बिघडलेली फाइल चांगल्या फाइलवर बसली तर बॅकअप असून नसल्यासारखाच. दुसरी डिस्क बहिणीच्या घरी असते आणि महिन्याला दोन्ही डिस्कची अदलाबदल होते. हे सगळे आपोआप करणारे प्रोग्राम आहेत, हे मला दर वेळी कोणीतरी उत्साही नवशिका ऐकवतो. आपोआप चाललेला बॅकअप सहा महिन्यांपूर्वीच थांबला होता, हे त्याला कळायचे असते.

गूगल ड्राइव्हशी फोल्डर जुळवून ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे: संगणकावर खोडलेली फाइल तिथूनही खोडली जाते आणि कचरापेटीत ३० दिवसच राहते.

विंडोजचे अद्ययावतीकरण पुढे ढकलू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा तो विंडोजच्या ज्या फटीतून शिरत होता ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. विंडोज १०ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही लक्षात असू द्यावे.

डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजमधल्या बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मी कागदावर लिहून रेशन कार्डाच्या फाइलमध्ये ठेवली आहे. त्याच कुलूपबंद संगणकाच्या डेस्कटॉपवर ती जपून ठेवणारे दोन गृहस्थ मला आजवर भेटले आहेत.