व्होल्ट जागेचा, ज्यूल प्रभाराचा: विभव आणि स्थितिज ऊर्जा समजून घ्यायची रीत

अकरावी-बारावीच्या स्थिरविद्युत प्रकरणात पोरं अडकतात ती सूत्रांत नाही. सूत्रं दोन-चारच आहेत आणि ती सगळ्यांची पाठ असतात. घोळ होतो तो विभव आणि स्थितिज ऊर्जा एकच समजल्यामुळे. त्यामुळे आधी एवढं पक्कं करा: विभव हा जागेचा गुण आहे. तिथे प्रभार ठेवलेला असो की नसो, विभव असतोच. ऊर्जा मात्र तिथे प्रभार आणून ठेवल्यावरच येते, आणि ती किती येते ते प्रभार केवढा, कोणत्या चिन्हाचा, यावर ठरतं.

कापसाचा भाव आणि हाती येणारी रक्कम यांत जो फरक, तोच इथे. भाव क्विंटलमागे ७,००० असेल तर तुमची गाडी बाजारात पोचो न पोचो, भाव तोच. पाच क्विंटल नेला तर ३५,००० होतात, नेलाच नाही तर शून्य. प्रभार कूलोममध्ये मोजतात आणि ऊर्जा ज्यूलमध्ये; विभव म्हणजे दर कूलोममागे किती ज्यूल, हा भाव. म्हणून १ व्होल्ट म्हणजे १ ज्यूल प्रति कूलोम, आणि

स्थितिज ऊर्जा = प्रभार × विभव

ही तुलना इथेच सोडा, कारण कापूस ऋण नसतो आणि प्रभार असतो. ऋण प्रभार जास्त विभवाच्या जागी नेला की त्याची ऊर्जा कमी होते. चिन्हाच्या गणितात निम्मे गुण इथेच जातात.

एकट्या बिंदूचा व्होल्ट सांगता येत नाही

विभव नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो. पुस्तकात अनंत अंतरावरचा बिंदू शून्य धरतात, घराच्या वायरिंगमध्ये जमीन शून्य धरतात, मल्टीमीटर वापरताना काळी दांडी जिथे टेकली ते शून्य. शून्य कुठे धरायचं ही तुमची मर्जी. ते बदललं तर सगळे आकडे सारखेच वर-खाली सरकतात, दोन बिंदूंमधला फरक तसाच राहतो. काम फरकामुळेच होतं.

११ केव्हीच्या उघड्या तारेवर साळुंकी निवांत बसते, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणजे जवळजवळ एकाच विभवावर असतात. हजारो व्होल्ट आहेत ते तार आणि जमीन यांच्यात. मोठ्या पक्ष्याचा पंख दुसऱ्या तारेला किंवा खांबाच्या लोखंडी अँगलला लागला, की तोच फरक त्याच्या अंगावर येतो.

८,००० व्होल्टनं डुक्कर पळतं, २३० नं माणूस मरतो

व्होल्ट आणि ज्यूल वेगळे आहेत हे डोक्यात बसवायला धुऱ्यावरच्या झटका मशीनइतकं (कुंपणाच्या तारेत थांबून-थांबून विजेचे ठोके सोडणारं यंत्र) चांगलं उदाहरण नाही. मशीनच्या आत कॅपॅसिटर, म्हणजे प्रभार साठवणारा भाग, असतो. समजा तो २० मायक्रोफॅरडचा आहे आणि ६०० व्होल्टपर्यंत भरतो. त्यात साठलेला प्रभार ०.०१२ कूलोम. ऊर्जा काढताना ०.०१२ ला ६०० नं गुणून ७.२ ज्यूल लिहिलं तर चुकलं. पहिला प्रभार आत गेला तेव्हा कॅपॅसिटर रिकामा होता, त्याला काहीच जोर लागला नाही. शेवटचा गेला तो ६०० व्होल्टच्या विरोधात. सरासरी ३०० व्होल्ट, म्हणून ऊर्जा ३.६ ज्यूल. सूत्रातला 'अर्धा' इथून येतो, तो पाठ करायची गरज नाही.

ही ऊर्जा ट्रान्सफॉर्मरमधून जाताना विभव हजारो व्होल्टपर्यंत चढतो, पण ज्यूल वाढत नाहीत, उलट थोडे वाया जातात. कुंपणाच्या यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात ५०० ओहमच्या भारावर एका ठोक्याला जास्तीत जास्त ५ ज्यूल आणि सेकंदाला एकापेक्षा जास्त ठोका नको, अशी मर्यादा आहे. ठोका क्षणात संपतो. जनावर दचकतं आणि मागे सरतं.

आता त्याच तारेला कुणी घरातली लाइन थेट जोडली तर? ओलं अंग ढोबळमानानं १,००० ओहम धरा. २३० भागिले १,००० म्हणजे ०.२३ अँपिअर, आणि सेकंदाला सुमारे ५३ ज्यूल, तेही न थांबता. स्नायू आखडतात, हात सुटत नाही, हृदयाचा ठेका बिघडतो. रानडुकरासाठी लावलेल्या असल्या तारेत शेजारच्या वावरातला माणूस सापडतो. हा गुन्हा तर आहेच. तारेवर किती व्होल्ट आहेत एवढ्यावरून धोका मोजता येत नाही, हेही यातून दिसतं.

दुसऱ्या टोकाला फवारणी पंपाची बॅटरी बघा. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास. ८ × ३,६०० = २८,८०० कूलोम, गुणिले १२ = ३,४५,६०० ज्यूल. व्होल्ट झटका मशीनच्या पासंगालाही पुरत नाहीत, पण ज्यूल एका ठोक्याच्या लाखपट. तरीही लाइट बिलाच्या भाषेत हे जेमतेम एक दशांश युनिट, कारण एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल.

ट्रेमध्ये विभव मोजून बघा

विभव डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा नकाशा काढता येतो. सामान: साधारण ३० × २० सेंमीचा सपाट तळाचा प्लास्टिकचा ट्रे, पत्र्याच्या दोन पट्ट्या (प्रत्येकी १८ ते २० सेंमी लांब), फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी, साधा डिजिटल मल्टीमीटर, आलेख कागद, आणि मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब. स्टीलची परात चालणार नाही. धातूचा तळ सगळीकडे एकच विभव करून टाकतो आणि मोजायला काही उरत नाही.

आलेख कागद ट्रेच्या खाली चिकटवा, तळ पारदर्शक नसेल तर आत, पॉलिथिनच्या पिशवीत घालून. पाणी १ सेंमी ओता आणि ट्रे सगळीकडून सपाट आहे ना ते बघा. एका बाजूला पाणी उथळ झालं तर रेषा तिकडे वाकतात आणि चूक कुठे झाली ते कळत नाही. दोन्ही पट्ट्या समोरासमोर, २४ सेंमी अंतरावर उभ्या करा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह तारेत बल्ब घालून मग पट्टीला जोडा. नेहमी बल्ब विझलेलाच राहील, कारण पाण्यातून फक्त काही मिलिअँपिअर जातात. तो पेटला तर समजा, पट्ट्या कुठेतरी एकमेकींना टेकल्या. बल्ब नसेल तर त्या वेळी वायर पेटते.

पाण्याचंही बघून घ्या. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी घेतलं तर प्रवाह जास्त वाहतो, पट्ट्यांवर बुडबुडे चढतात आणि आकडे सरकत राहतात. अर्धं पावसाचं किंवा कॅनचं पाणी मिसळा. 'पाणी वीज नेत नाही' म्हणून मीठ टाकायचा मोह काहींना होतो, तो टाळा. विहिरीच्या पाण्यात पुरेसे क्षार असतात.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल दांडी अँपिअरच्या भोकात राहिली तर मीटर स्वतःच शॉर्ट होतो. काळी दांडी निगेटिव्ह पट्टीवर घट्ट धरा, लाल दांडी पाण्यात उभी धरून फिरवा. ६.० व्होल्ट जिथे जिथे दिसेल तिथे खूण करा. आठ-दहा खुणा जोडल्या की पट्ट्यांना समांतर सरळ रेषा येईल. ही समविभव रेषा. मग ३, ४.५, ७.५, ९ च्या रेषा काढा.

हिशोबानं सेंटिमीटरला ०.५ व्होल्ट यायला हवा. प्रत्यक्षात मधल्या भागात ०.४ च्या आसपास येईल आणि पट्टीच्या अगदी जवळ आकडा एकदम उडी मारेल. धातू आणि पाणी जिथे भेटतात तिथे रासायनिक क्रियेत एखाद-दोन व्होल्ट खर्ची पडतात, म्हणून. तो भाग सोडा आणि मधल्या रेषांचंच अंतर मोजा. व्होल्टचा फरक भागिले अंतर म्हणजे विद्युत क्षेत्र: ०.४ व्होल्ट प्रति सेंमी, म्हणजे ४० व्होल्ट प्रति मीटर. रेषा दाट तिथे क्षेत्र जोरात, विरळ तिथे मंद, आणि दिशा नेहमी रेषेला काटकोनात, जास्त विभवाकडून कमीकडे.

हे जमलं की जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा २ सेंमी उंच तुकडा मधोमध उभा ठेवा आणि त्याच्या आतल्या पाण्यात लाल दांडी फिरवा. आकडा जवळपास हलत नाही. विभव शून्य नाही, पण सगळीकडे सारखा आहे, म्हणून आत क्षेत्र नाही. 'क्षेत्र शून्य म्हणजे विभव शून्य' असं लिहिणाऱ्याला हा पाइप दाखवा.

गणित सोडवताना

बिंदू प्रभारामुळे विभव = ९ × १०^९ × प्रभार ÷ अंतर. अंतराचा वर्ग करायचा नाही, वर्ग बलात आणि क्षेत्रात असतो. प्रभार चिन्हासकट घाला, आणि मायक्रो दिसला की लगेच १०^−६ लिहा, शेवटी आठवेल म्हणून ठेवू नका.

+२ मायक्रोकूलोमपासून ०.३ मीटरवर विभव ६०,००० व्होल्ट, ०.६ मीटरवर ३०,०००. पहिल्या जागी +१ नॅनोकूलोम (१०^−९ कूलोम) ठेवला तर ऊर्जा ६ × १०^−५ ज्यूल, −१ नॅनोकूलोम ठेवला तर तेवढीच, पण ऋण. धन प्रभार दुसऱ्या जागी गेला तर त्याची ऊर्जा ३ × १०^−५ ज्यूलनं घटते, म्हणजे काम क्षेत्रानं केलं. ऋण प्रभार तसाच बाहेर न्यायचा तर काम तुम्हाला करावं लागेल. 'काम कोणी केलं' हे प्रश्नात अधोरेखित केल्याशिवाय चिन्ह लिहू नका.

अनेक प्रभार असतील तर विभव नुसते बेरीज करा, दिशा नाही, कोन नाही. म्हणून जमेल तिथे आधी विभव काढणं सोपं. समान +, − प्रभारांच्या मधोमध विभव शून्य येतो पण क्षेत्र असतं. दोन्ही + असतील तर नेमकं उलट.

ऊर्जा काढताना जोड्या मोजा. ०.१ मीटर बाजूच्या त्रिकोणाच्या तिन्ही टोकांवर १ मायक्रोकूलोम असेल तर जोड्या तीन, प्रत्येकीची ०.०९ ज्यूल, एकूण ०.२७. प्रत्येक प्रभाराची ऊर्जा वेगळी काढून बेरीज केली की ०.५४ येतात, कारण प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते. ही ऊर्जा एकट्या प्रभाराची नसून जोडीची असते.

वीज पडली तेव्हा गाय का मरते

ट्रेमध्ये परत या. पट्ट्या काढा, मधोमध एक खिळा उभा करून तो पॉझिटिव्हला जोडा आणि कडेनं तारेचं कडं फिरवून ते निगेटिव्हला. पॉझिटिव्हचा खिळा गंजून पाणी पिवळं पडतं, म्हणून दर वेळी नवा घ्या. आता समविभव रेषा गोल येतात, खिळ्याजवळ दाट, दूर विरळ.

मीटरच्या दोन्ही दांड्या ३ सेंमी अंतर ठेवून एका काडीला बांधा आणि खिळ्याच्या दिशेनं आडव्या-उभ्या धरून बघा. एक दांडी खिळ्याजवळ आणि दुसरी दूर असेल तर चांगला आकडा येतो. काडी हळूहळू फिरवून दोन्ही दांड्या एकाच गोलावर आणल्या, की आकडा शून्यावर येतो.

खिळ्याच्या जागी वीज पडलेलं झाड ठेवा. जमिनीत २०,००० अँपिअर शिरले आणि जमिनीची रोधकता (वीज अडवायचा गुण) १०० ओहम-मीटर धरली, तर विभव = रोधकता × प्रवाह ÷ (२ × ३.१४ × अंतर). झाडापासून १० मीटरवर सुमारे ३१,८०० व्होल्ट, ११.५ मीटरवर २७,७००. झाडाकडे तोंड करून उभ्या गायीच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर अंतर, म्हणजे ४,००० व्होल्टच्या वर फरक, आणि वाट छातीतून. माणसाच्या पावलांत २० सेंमी अंतर असेल तर फरक सहाशेच्या आसपास, पाय जुळवले तर आणखी कमी.

त्यामुळे ढग गडगडायला लागले की जनावरं झाडाखाली बांधू नका, आणि स्वतः पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. उघड्या वावरात अडकलातच तर पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका, कारण मग डोकं ते पाय हाच दीड मीटर होतो.

लाइनची तार तुटून जमिनीवर पडली तरी हिशोब हाच. लांब ढांगा टाकत पळू नका. दोन्ही पाय जुळवून, पाऊल पावलाला घासत सरका, किमान १० मीटर लांब जा आणि डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीवरून) लाइन बंद झाल्याचं लाइनमन सांगेपर्यंत तिकडे कुणाला फिरकू देऊ नका. तार ठिणग्या टाकत नाही म्हणून ती मेलेली आहे असं धरायचं नाही.