ग्रीक, ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांचा एकमेकांशी संबंध हा विषय घेताय? आधी माझी फजिती ऐका

एमएला हा पेपर घेतला तेव्हा डोक्यात चित्र एकदम सोप्पं होतं, एकीकडे ग्रीक, दुसरीकडे ज्यू आणि मधे हाणामारी. सीरियाचा ग्रीक राजा अँटिओकस चौथा याने इ.स.पू. 167 मधे जेरुसलेमचं मंदिर बाटवलं, मक्काबी या ज्यू घराण्याने बंड केलं, 164 मधे मंदिर शुद्ध करून घेतलं, हनुका सण त्याचाच. एवढं घोकून सेमिनारला उभा राहिलो तर सरांनी एकच विचारलं, बाबा रे, या बंडाची गोष्ट सांगणारं 'मक्काबींचं दुसरं पुस्तक' मूळचं कुठल्या भाषेत आहे? ग्रीक! ग्रीक रीतींच्या विरोधातलं पुस्तक, आणि 'यहुदी धर्म' या अर्थाचा शब्द आपल्याला पहिल्यांदा सापडतो तोही त्यातच, ग्रीकमधे. पुढे त्याच मक्काबींच्या घराण्यातल्या राजांची नावं बघा, अलेक्झांडर, अ‍ॅरिस्टोब्युलस. मी गप खाली बसलो.

तेव्हा लढायांपासून सुरू करूच नका, शब्दांपासून करा. सिनेगॉग ग्रीक, 'एकत्र जमणं'. ख्रिस्त म्हणजे हिब्रू 'माशियाख'चं भाषांतर, अभिषेक झालेला. गोव्यातली 'इगर्ज', म्हणजे चर्च, पण पोर्तुगीज-लॅटिनमधून फिरत आलेली ग्रीक 'एक्लेसिया' (सभा) आहे, हे कळल्यावर मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

मग इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया. तिथल्या ज्यूंची रोजची भाषाच ग्रीक झालेली म्हणून इ.स.पू. तिसऱ्या शतकात तोराहचं, म्हणजे ज्यू धर्मग्रंथातल्या पहिल्या पाच पुस्तकांचं, ग्रीक भाषांतर झालं, बाकीची पुस्तकं नंतर हळूहळू. त्याच धर्मग्रंथातल्या यशयाच्या पुस्तकात (7:14) हिब्रूत 'अल्मा' आहे, म्हणजे तरुण स्त्री, ग्रीकमधे झालं 'पार्थेनोस', कुमारी, आणि मत्तयने आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, जन्माच्या गोष्टीत ते ग्रीकच उचललं. एका शब्दावर केवढं पुढे उभं राहिलंय बघा!

फिलो घाईने वाचू नका. तो अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ, साधारण येशूच्याच काळातला, मोशेला प्लेटोच्या चष्म्यातून वाचणारा. तो 'लोगोस'बद्दल लिहितो, आणि योहानाच्या शुभवर्तमानातल्या 'प्रारंभी शब्द होता' यातला 'शब्द' म्हणजेही मूळ ग्रीकमधे लोगोसच, म्हणून मी बिनधास्त लिहून टाकलं की योहानाने फिलोची कॉपी मारली. मार्क गेले. दोघं एकाच हवेत वाढले एवढंच म्हणता येतं, कॉपीचा पुरावा नाही.

भाषेचं म्हणाल तर मी आधी अ‍ॅटिक, म्हणजे जुन्या अथेन्सच्या ग्रीकचा क्लास लावला आणि सहा महिने रडलो. नवा करार, म्हणजे बायबलचा ख्रिस्ती भाग, कोइने ग्रीकमधे आहे, बाजारातली बोली, तेव्हा थेट तीच घ्या. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा, तो आपल्या आजीसारखा 'आणि मग, आणि मग' करत सांगतो, वाक्यं लहान.

आणि कोकणातले असाल तर बेने इस्रायलींबद्दल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंबद्दल, जरूर वाचा. त्यांची परंपरा सांगते की पूर्वज अँटिओकसच्या छळातून निघाले आणि अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं. इतिहासकारांचं यावर एकमत नाही, पण त्यांच्यात पूर्वी हनुका नव्हता, आणि का नव्हता याचं त्यांचं उत्तर साधं आहे: तो सण सुरू व्हायच्या आधीच आम्ही निघालो होतो.