गरोदरपणात मेथाडोन-ब्युप्रेनॉर्फिन सुरू आहे? या चुका टाळा

टेस्टवर दोन रेघा दिसल्या की बहुतेकींच्या मनात पहिला विचार येतो तो हाच: आता गोळी बंद. इतके दिवस स्वतःपुरतं होतं, आता पोटात बाळ आहे, मग हे औषध कशाला? हे वाटणं अगदी साहजिक आहे. पण सगळ्यात महागात पडणारी चूकही हीच, आणि खाली दिलेल्यांपैकी निम्म्या चुका हिच्याच लेकी.

गोळी आपल्या मनाने थांबवणं

हेरॉइन, अफू किंवा ओपिऑइड (म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या) वेदनाशामकांच्या व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन औषधं दिली जातात. ठरलेल्या डोसवर त्यांची नशा चढत नाही. रक्तातली पातळी दिवसभर सारखी राहावी, एवढंच त्यांचं काम. नशेच्या पदार्थाने ही पातळी झपकन चढते आणि तशीच उतरते, आणि त्या चढउतारात आईबरोबर बाळही हेलकावे खातं. औषध अचानक बंद केलं की विथड्रॉवल, म्हणजे सवयीचं औषध न मिळाल्याने होणारा शारीरिक त्रास, सुरू होतो, तलफ उफाळून येते आणि पाय पुन्हा जुन्या वाटेला लागण्याची शक्यता खूप वाढते. त्यात आणखी एक धोका आहे. मधल्या काळात शरीराची सवय कमी झालेली असते, त्यामुळे पूर्वी सहज पचणारी मात्रा आता जिवावर बेतू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये दिलेला सल्ला स्पष्ट आहे: गरोदर बाईचा डिटॉक्स (औषध पूर्ण सोडवणं) करत बसण्यापेक्षा ही औषधं चालू ठेवावीत. मेथाडोन तर गरोदरपणात १९७० च्या दशकापासून वापरात आहे. तरी घरातलं कोणी ना कोणी म्हणतंच, "एक सोडलं आणि दुसरं धरलं." इन्सुलिन घेणाऱ्या गरोदर बाईला हे कोणी ऐकवत नाही.

"डोस जितका कमी, तितका बाळाला त्रास कमी"

हा हिशोब पटण्यासारखा वाटतो, पण तो चुकीचा आहे. जन्मानंतर बाळाला विथड्रॉवलचा किती त्रास होईल हे आईच्या डोसवरून सांगता येत नाही. त्या त्रासात जास्त भर पडते ती सिगारेटने आणि झोपेच्या किंवा घबराटीच्या काही गोळ्यांनी. त्यामुळे कमी करायचंच असेल तर आधी सिगारेट. झोपेच्या गोळ्याही मात्र एकदम तोडायच्या नाहीत. डॉक्टरांना सांगून, हळूहळू.

उलट महिने भरत येतात तसा डोस पुरेनासा होतो. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं आणि यकृत औषधाचा निचरा जास्त वेगाने करू लागतं. एरवी रक्तातलं निम्मं मेथाडोन उतरायला साधारण एक दिवस लागतो. गरोदरपणात ते आठेक तासांतही उतरू शकतं. सकाळी आठला घेतलेला डोस मग रात्र काढत नाही. पहाटे तीनला जाग येते. जांभयांवर जांभया, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी, पायांत वळवळ, उशी घामाने ओली आणि तरी अंगावर काटा. घरचे म्हणतात सर्दी झाली, हिला स्वतःला वाटतं पोट वाढलंय म्हणून झोप येत नाही. दोघंही चुकतात, आणि दोष मात्र हिच्या 'इच्छाशक्ती'वर जातो.

अशा वेळी गप्प बसून सोसायचं नाही. तीन-चार दिवस एका कागदावर दोनच गोष्टी लिहा: डोस किती वाजता घेतला आणि त्रास किती वाजता सुरू झाला. तो कागद दाखवला की डॉक्टरांना बरंच काही कळतं. ते डोस वाढवतील किंवा तोच दिवसातून दोनदा विभागून देतील. डोस वाढला म्हणजे व्यसन वाढलं, असं मुळीच नाही.

उलटीचा गोंधळ

मळमळ दिवस गेल्याची की विथड्रॉवलची? दोन खुणा बघा. मळमळीबरोबर जांभया, काटा, गळणारं नाक आणि डोळ्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्या असतील, आणि डोस घेतल्यावर तासा-दोन तासांत बरं वाटत असेल, तर संशय विथड्रॉवलचा. नुसतीच मळमळ असेल तर ती बहुधा गरोदरपणाची.

मेथाडोन घेतल्यावर उलटी झाली तर लगेच दुसरा डोस घेऊ नका. पोटात किती राहिलं हे बाहेरून कळत नाही आणि दुप्पट डोसने श्वास मंदावू शकतो. किती मिनिटांनी उलटी झाली ते बघून ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा, पुढचं त्यांना ठरवू द्या. तीन किंवा जास्त दिवस डोस चुकला असेल तरी तेच: विचारल्याशिवाय पुन्हा पूर्ण डोसवर जायचं नाही.

ब्युप्रेनॉर्फिनची गोष्ट वेगळी. ते जिभेखालून रक्तात जातं. पूर्ण विरघळल्यानंतर उलटी झाली तरी औषध आत गेलेलं असतं. ते वाया जातं गिळल्यावर, कारण मग त्यातलं बरंचसं यकृतच संपवून टाकतं. तोंड कोरडं असेल तर आधी घोटभर पाणी प्या, गोळी जिभेखाली ठेवा, मान किंचित पुढे झुकवा आणि ती विरघळेपर्यंत बोलू नका, लाळ गिळू नका. फोन वाजला तर वाजू दे. नंतर पाण्याने चूळ भरा, पण ब्रश तासाभराने करा. या औषधाने दातांचं नुकसान होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये दिला आहे.

उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन लिहून मिळालं तर मेथाडोन सुरू असल्याचं आवर्जून सांगा. दोन्ही औषधं हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतात, त्यामुळे ईसीजी काढावा लागू शकतो. क्षयाचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं सुरू असतील तर तेही सांगा. त्यांनी डोस अपुरा पडू लागतो.

औषध बदलायची घाई

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या चाचणीत १३१ बाळांची तुलना झाली. ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी १० दिवस रुग्णालयात राहिली, मेथाडोनवाल्यांची १७.५ दिवस. हे आकडे वाचून मेथाडोनवर नीट स्थिर असलेली बाई बदल मागते. पण त्याच चाचणीत उपचार अर्धवट सोडणाऱ्या बायका ब्युप्रेनॉर्फिनच्या गटात जास्त होत्या. शिवाय शरीरात मेथाडोन असताना ब्युप्रेनॉर्फिन घेतलं तर ते आधीच्या औषधाला ढकलून स्वतः जागा पटकावतं आणि एकदम जोराचा विथड्रॉवल येतो. माझ्या मते जे लागू पडलंय ते हलवू नये. नव्याने सुरू करणारीने मात्र दोन्हींबद्दल विचारावं.

ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीत नॅलोक्सोन (ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं औषध) मिसळलेलं आहे म्हणूनही काही जणी घाबरतात. जिभेखालून ते जेमतेमच शोषलं जातं.

प्रसूतीच्या डॉक्टरांपासून लपवणं

लाज वाटते, मान्य. पण कळांच्या वेळी पेंटाझोसिन, ब्युटॉर्फॅनॉल किंवा नाल्बुफिनचं इंजेक्शन दिलं गेलं तर ही वेदनाशामकं तुमच्या औषधाचा परिणाम अडवतात आणि ऐन प्रसूतीत विथड्रॉवल उभा राहतो. फाइलच्या पहिल्याच पानावर औषधाचं नाव, डोस, वेळ आणि 'ही इंजेक्शनं नकोत' असं ठळक लिहून घ्या. प्रसूतीच्या दिवशीही रोजचा डोस चुकवायचा नाही. पण त्याने कळा थांबणार नाहीत. वेदनेसाठी एपिड्युरल (पाठीतून दिली जाणारी भूल) किंवा दुसरा उपाय लागतोच, आणि तो मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसऱ्याच दिवशी घरी जायचा हट्ट

बाळाची थरथर, किंचाळल्यासारखं रडणं, दूध न ओढणं हे बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसू लागतं. म्हणून चार ते सात दिवस देखरेख लागते. बाळाचं शरीर औषधाला सरावलेलं असतं, ते 'व्यसनी' नसतं. हा शब्द कोणी वापरला तर तिथल्या तिथे टोका. यावर उपचार आहेत, आणि त्यातला मोठा भाग आईच्याच हातात असतो: एकाच खोलीत राहणं, उघड्या छातीशी धरणं, मंद उजेड, शांतता, पाजणं. बाळ नीट खातं का, झोपतं का, शांत होतं का, या तीन प्रश्नांवर उपचार ठरवण्याची पद्धत २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत तपासली गेली. घरी जाण्याजोगं व्हायला आधी १४.९ दिवस लागत होते, ते ८.२ वर आले.

अंगावर पाजायला भीतीचं कारण नाही. दुधातून जाणारं औषध अगदी थोडं असतं. अट एवढीच की उपचार सुरळीत असावेत, इतर नशा नसावी आणि एचआयव्हीसारखं कारण आहे का हे डॉक्टरांशी बोलून झालेलं असावं.

बाळंतपणानंतर सैल सोडणं

बाळ झालं, आता डोस निम्मा करू, असं करायचं नाही. वाढवलेला डोस जास्त होऊ लागला तर गुंगी येते, बोलता बोलता डोळे मिटतात. ते दिसलं की डॉक्टर हळूहळू उतरवतील. खरा धोका नंतर असतो. ओव्हरडोसचं प्रमाण बाळाच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात सर्वाधिक आढळलं आहे, म्हणजे बघायला येणाऱ्यांची गर्दी ओसरते, रात्रीची झोप तुटलेलीच असते आणि तपासण्या थांबलेल्या असतात तेव्हा. त्या महिन्यांच्या तारखा आत्ताच घेऊन ठेवा. नॅलोक्सोन घरात ठेवा आणि ते कुठे आहे, कसं द्यायचं, हे निदान दोघांना दाखवून ठेवा. गरोदर बाईलाही ते द्यायचं असतं. बाळाला काही होईल या भीतीने थांबायचं नाही, लगेच द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची.