भर्रर्र करणारं पाकीट

बाहेर लिहायचं, "आत जिवंत भुंगा, जपून उघडा". समोरच्याने पाकीट उघडलं की ते त्याच्या हातात भर्रर्र करून थरथरतं. घरी करता येणाऱ्या खोड्यांमध्ये इतकी देखणी खोडी दुसरी नाही. लागतं काय, तर एक बटण, दोन रबरबँड आणि तारेचा तुकडा.

फसतं ते बहुतेक वेळा तारेपायी. तार कडकच हवी. सायकलचा जुना स्पोक, साधारण २ मिमी जाडीचा, उत्तम. तांब्याची मऊ तार घेतली तर पीळ भरताच दोन्ही पाय आत वाकतात, रबर सैल पडतं आणि बटण दोन गिरक्या घेऊन थांबतं. १८ सेंमी तुकडा घ्या आणि पकडीने यू आकारात वाकवा: बूड ७ सेंमी, पाय ४-४ सेंमी. उरलेल्या दीड-दीड सेंमीचे आकडे करा आणि त्यांची टोकं पूर्ण आत वळवून दाबून टाका. कापलेला स्पोक बोटात सहज घुसतो.

बटण कोटाचं, ३ सेंमी व्यासाचं. रबरबँड बारीक आणि छोटे घ्या, सपाट धरल्यावर सुमारे ३ सेंमी भरतील असे. बटणाच्या समोरासमोरच्या भोकांतून एकेक ओवून स्वतःच्याच फासातून काढा आणि दुसरं टोक आकड्यात अडकवा. बटण बरोबर मधोमध, किंचित ताणावर राहिलं पाहिजे. सैल वाटलं तर आकड्यावर एक जादा वेढा द्या. उन्हात पडून राहिलेलं किंवा चिरा गेलेलं रबर वापरू नका. पीळ देतानाच तुटतं आणि सपकन लागतं. म्हणून पीळ देताना तोंड लांब ठेवा.

आता बटण एकाच दिशेने २५ ते ३० वेळा फिरवा. रबरावर गाठींची दुसरी रांग दिसू लागली की थांबा. बटण न सोडता सगळा सांगाडा घडी घातलेल्या जाड कागदात सपाट दाबा आणि पाकिटात सरकवा. पाकीट आतल्या घडीला घट्ट बसेल एवढंच असावं. ऐसपैस पाकिटात बटण वाटेतच सुटतं आणि गंमत खिशातच संपते. आवाज येतो तो बटणाची कड कागदावर आपटून, त्यामुळे कागद जितका कडक तितका भुंगा खरा वाटतो. मऊ कागदाने नुसती फुसफुस होते. पीळ मात्र आयत्या वेळी भरा. तासन्‌तास पिळलेलं रबर ढिलं पडतं.

सामान नसेल तर कागदी बार आहेच. वर्तमानपत्राचं एक पान आडवं ठेवून लांब कडेला समांतर अशी मधोमध घडी पाडा आणि उघडा. चारही कोपरे त्या रेषेला टेकवा, मग त्याच रेषेवर पान दुमडा. मिटलेली लांब कड वर ठेवा, डावी-उजवी टोकं उभ्या मध्यरेषेशी खाली आणा आणि सगळं त्याच उभ्या रेषेवर मागच्या बाजूला अर्धं दुमडा. दोन सुटी टोकं चिमटीत धरून जोरात खाली झटकलं की आतला कागद फाटकन बाहेर येतो. वाजलाच नाही तर बहुधा आतली घडी चिमटीत अडकलेली असते. फक्त बाहेरची टोकं धरा. घड्या नखाने फार दाबल्या तर कागद त्याच रेषेवर लवकर फाटतो.

बार कानाजवळ कधीच काढू नका. जिना उतरणारा, सायकलवरचा, हातात गरम भांडं किंवा सुरी असलेला, हृदयाचा त्रास असलेला, यांच्यावर यातलं काहीही करायचं नाही. पाकीट देतानाही माणूस आधी खाली बसलेला असू द्या.