मागून बसलेला कुत्रा, चकरा मारणारी मेंढी: प्रॅक्टिस सांभाळून न्यूरॉलॉजी कशी शिकायची

आपल्याकडे एमआरआय नाही म्हणून न्यूरोच्या केसेस बघत नाही, असं सांगणारे बरेच व्हेट भेटतात, मीपण काही वर्षं तेच सांगायचो. मग एकदा पाच वर्षांचा डॅशहुंड आला, मागचे दोन्ही पाय गेलेले. मी बोट चिमटलं, पाय आत ओढला गेला, मालकाला सांगितलं की संवेदना आहे, होईल बरा, आणि चार-पाच दिवस स्टेरॉइड आणि बी-कॉम्प्लेक्स देत बसलो. त्याला संवेदना नव्हतीच. पाय ओढला गेला तो नुसता रिफ्लेक्स होता, पाठीच्या खालच्या भागातून परत आलेला, मेंदूपर्यंत काही पोचलंच नव्हतं. जे दिवस ऑपरेशनचे होते ते माझ्या इंजेक्शनांत गेले. ही चूक मशीन नसल्यामुळे झालेली नाही, फोर्सेप माझ्या हातात होता आणि कुत्र्याच्या तोंडाकडे बघायचं मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून हे सगळं लिहितोय, विशेषतः बीव्हीएससी (पशुवैद्यकाची पदवी) होऊन चार-पाच वर्षं झालेल्या आणि आता यात खोल जायचंय अशा मित्रमैत्रिणींसाठी.

सगळ्यात आधी रेबीजची लस. प्री-एक्सपोजरचा, म्हणजे चावण्याआधीच घ्यायचा कोर्स, ० आणि ७ व्या दिवशी आणि मग २१ किंवा २८ व्या दिवशी, तो पूर्ण करा, अधूनमधून टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीची पातळी) तपासा, आणि तुमच्या ड्रेसरचा आणि जनावर धरणाऱ्या पोराचा पण करा. न्यूरो शिकायचं म्हणजे तोंडात हात घालायची वेळ रोज येणार. जबडा लोंबलेला कुत्रा, आवाज बदललेला कुत्रा, आणि खेड्यात तर "घशात काहीतरी अडकलंय डॉक्टर, लाळ गळतेय, पाणी पीत नाही" म्हणून दाखवलेली म्हैस, यातलं काहीही रेबीज असू शकतं आणि म्हशीच्या घशात उघडा हात घालणारे आपणच असतो. जबडा लोंबायला ट्रायजेमिनल न्यूरायटिस (जबड्याच्या नसेची सूज) हे साधं कारण पण असतं, दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरं होणारं, पण ते नंतर ठरवायचं, आधी ग्लोव्हज. मालकाला किंवा घरातल्या कुणाला चावलंय का, लाळ लागलीय का, हे पहिल्या दोन मिनिटांत विचारा.

आता अभ्यास. अॅनाटॉमीचं पुस्तक परत पहिल्या पानापासून उघडू नका, दोन दिवसांत कंटाळा येतो आणि राहून जातं. एक कोरा कागद घ्या, पाठीचा कणा काढा आणि मज्जारज्जूचे चार तुकडे करा (सी म्हणजे मान, टी छाती, एल कंबर, एस त्याच्या मागचा भाग). सी१ ते सी५ मध्ये बिघाड असेल तर चारही पायांत यूएमएन (अपर मोटर न्यूरॉन, मेंदूकडून खाली येणारी वाट) लक्षणं, म्हणजे रिफ्लेक्स शाबूत किंवा वाढलेले आणि पाय ताठ. सी६ ते टी२ मध्ये असेल तर पुढचे पाय एलएमएन (लोअर मोटर न्यूरॉन, मज्जारज्जूतून स्नायूकडे जाणारी वाट), लुळे आणि रिफ्लेक्स कमी, आणि मागचे यूएमएन. टी३ ते एल३ मध्ये पुढचे नॉर्मल, मागचे यूएमएन. एल४ ते एस३ मध्ये पुढचे नॉर्मल, मागचे लुळे. हा कागद टेबलासमोर चिकटवा, महिन्याभरात पाठ होतो. एक गोष्ट मात्र घोकायलाच लागते, सेगमेंटचा नंबर आणि मणक्याचा नंबर एक नसतो. कुत्र्यात मज्जारज्जू साधारण सहाव्या लंबर मणक्यापाशी संपतो, त्यामुळे एल४ ते एस३ हे सेगमेंट प्रत्यक्षात त्याच नंबरच्या मणक्यांच्या पुढे, डोक्याच्या बाजूला बसलेले असतात. एक्स-रे बघताना इथे खूप जण फसतात. आणि पुढचे पाय काठीसारखे ताठ, मागचे गेलेले, असा कुत्रा आडवा पडलेला दिसला की मानेकडे पळू नका. त्याला उचलून धरा. पुढच्या पायांनी नीट चालत असेल तर तो शिफ-शेरिंग्टन, बिघाड टी३ ते एल३ मध्येच.

मग नॉर्मल जनावरं. लसीकरणाला आलेल्या प्रत्येक कुत्र्याची चार मिनिटांची न्यूरो तपासणी करा, पन्नास कुत्री होईपर्यंत रिपोर्टची काळजीच करू नका. नॉर्मल पटेला रिफ्लेक्स (गुडघ्याखाली ठोकल्यावरचा झटका) हाताला माहीत नसेल तर वाढलेला कुठून कळणार. सामान फार लागत नाही, एक रिफ्लेक्स हॅमर, आर्टरी फोर्सेप, चांगला टॉर्च, कापसाचा बोळा आणि रबरी मॅट. मॅट खरंच घ्या. आपल्या क्लिनिकमधल्या गुळगुळीत टाइल्सवर धडधाकट लॅब्राडोरपण मागून घसरतो आणि आपण अॅटॅक्सिया (तोल जाणं) लिहून मोकळे होतो.

तपासणीचा क्रम रोज तोच ठेवा. आधी हात न लावता बघा, जनावर शुद्धीत कसं आहे, डोकं वाकडं आहे का, भिंतीला डोकं टेकवतंय का. मग चालवा, वळवा, जमलं तर उतारावर. मग पाऊल उलटं ठेवून किती वेळात सरळ करतो ते बघा आणि एकेका पायावर उड्या मारायला लावा. हॉपिंग लोक टाळतात, मोठा कुत्रा असला की जड जातं, पण बारीक कमजोरी तिथेच पकडली जाते. त्यानंतर डोक्याच्या नसा. मेनेस, म्हणजे डोळ्यासमोर हात नेल्यावर पापणी मिटते का, हे बघताना हाताचा वारा डोळ्याला लागू देऊ नका, आणि १० ते १२ आठवड्यांच्या आतल्या पिल्लात मेनेस नसतोच, तो शिकून येणारा प्रतिसाद आहे, पिल्लू आंधळं म्हणून सांगू नका. पाठीवर दोन्ही बाजूंनी कातडी चिमटत मागून पुढे या. कातडी थरथरायला जिथून सुरुवात होते त्या रेषेच्या साधारण एक ते चार मणके पुढे बिघाड असतो. फुकटात मिळणारी एवढी बारीक माहिती दुसरी कुठलीच नाही.

सगळ्यात शेवटी डीप पेन, म्हणजे हाडापर्यंतची वेदना कळते का. हे फक्त पाय हलवता न येणाऱ्या जनावरातच करा, जो चालतोय त्याला उगाच दुखवू नका. फोर्सेपने बोटाच्या हाडावर दाबा, नुसत्या कातडीवर नाही, आणि पायाकडे बघूच नका. तोंडाकडे बघा. वळून बघतो का, ओरडतो का, चावायला येतो का, श्वास रोखतो का, बाहुल्या मोठ्या होतात का. पाय आत ओढला आणि चेहरा तसाच राहिला तर संवेदना नाही. शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळं बघून मग लिहा, कारण पुढचा सगळा सल्ला यावर ठरतो. मणक्याच्या गादीचा तुकडा बाहेर येऊन पाय गेलेत पण डीप पेन आहे, अशा कुत्र्यांत ऑपरेशननंतर दहातले नऊच्या आसपास चालायला लागतात. डीप पेन गेलं असेल तर ऑपरेशन करूनही साधारण निम्मे किंवा थोडे जास्त, आणि ऑपरेशनशिवाय फारच थोडे. त्यातल्या दहाएक टक्क्यांत मायलोमलेशिया होतो, मज्जारज्जू वितळत पुढे सरकतो. म्हणून कातडीची ती रेष मार्करने आखून ठेवा, दुसऱ्या दिवशी पुढे सरकली असेल तर मालकाशी बसून खरं बोलायची वेळ आलीय.

तपासणी झाली की आजाराचं नाव घ्यायच्या आधी जागा, म्हणजे बिघाड कुठे आहे ते, लिहा, वहीत, तारखेसकट. मग पाच प्रश्न: अचानक आलं की हळूहळू, वाढतंय की थांबलंय, दुखतंय का, एका बाजूला जास्त आहे का, आणि जागा कुठली. या पाचांवर यादी तीन-चार नावांवर येते. उदाहरणार्थ मान वाकडी, डोळे नाचतायत, पण पाऊल लगेच सरळ करतो आणि शुद्धीत आहे, तर बहुतेक कानाकडचं. डोळे उभे नाचत असतील किंवा एका बाजूचे पाय कमजोर असतील तर ब्रेनस्टेमकडचं, म्हणजे मेंदूच्या बुडातलं. आणि अशा केसमध्ये मेट्रोनिडाझोल किती दिवस आणि किती डोसने चाललंय ते विचाराच, जुलाबासाठी जास्त डोसने बरेच दिवस दिलेलं असतं आणि गोळी बंद केली की कुत्रा सावरतो, हे स्वतः बघितलंय. लस न झालेल्या पिल्लाला झोपेतपण एकाच लयीत झटके येतायत तर डिस्टेंपर हा विषाणूचा आजार आधी डोक्यात आणा, आपल्याकडे तो अजून भरपूर आहे.

फिट किंवा आकडीच्या केसमध्ये मालकाचा मोबाइल हे तुमचं सगळ्यात चांगलं मशीन आहे. मालक फिट म्हणतो ते कधी चक्कर असते, कधी व्हेस्टिब्युलर (तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचं), कधी हृदयाचं. व्हिडिओ मागवा. आंतरराष्ट्रीय व्हेटर्नरी एपिलेप्सी टास्क फोर्सने २०१५ मध्ये जी मांडणी दिली ती नीट वाचून घ्या, मोफत आहे. थोडक्यात, पहिली फिट ६ महिने ते ६ वर्षं या वयात, २४ तासांच्या अंतराने किमान दोन, मधल्या काळातली तपासणी आणि रक्त-लघवी नॉर्मल, तर इडिओपॅथिक (दुसरं कारण न सापडणारी एपिलेप्सी) म्हणायला जागा आहे. फेनोबार्बिटल २.५ ते ३ मिग्रॅ प्रति किलो दिवसातून दोनदा सुरू करा आणि दोन आठवड्यांनी रक्तातली पातळी बघा, माणसांच्या मोठ्या लॅबमध्ये ही टेस्ट होते. पातळी न बघता औषध चालत नाही म्हणून बदलत बसणं हे मी सगळ्यात जास्त बघितलेलं नुकसान आहे. डोक्याला मार लागलेल्या केसमध्ये स्टेरॉइड देऊ नका, डोकंमान एका रेषेत ३० अंशांपर्यंत वर ठेवा, मानेची शीर दाबू नका, आधी ऑक्सिजन आणि बीपी सांभाळा आणि मग मॅनिटॉल ०.५ ते १ ग्रॅम प्रति किलो, १५-२० मिनिटांत.

गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांचं न्यूरो आपल्या शिकण्यातून गळून जातं, आणि महाराष्ट्रात खरं काम तर तिथेच आहे. अवघड विण्यानंतर मागचे पाय फाकवून बसलेल्या गाईला कॅल्शियमवर कॅल्शियम चढवलं जातं, ऑब्ट्युरेटर नस (मांड्या आत ओढणारी) दबलीय का हे बघितलं जात नाही. बुरशी लागलेला मुरघास खाल्लेली शेळी एकाच बाजूला चकरा मारतेय, एक कान आणि ओठ लोंबलाय, तर लिस्टेरिया हा जंतू. भरपूर धान्य खाल्लेलं वासरू अचानक आंधळं होऊन आकाशाकडे बघतंय, पण टॉर्चला बाहुली आकसते, तर थायमिन (बी१) १० मिग्रॅ प्रति किलो लगेच द्या, एका दिवसात फरक दिसू शकतो. मेंढी महिनाभर हळूहळू चकरा मारतेय तर मेंदूत सीनुरसची (कुत्र्याच्या पट्टकृमीच्या अळीची) गाठ, आणि उपाय कळपासोबतच्या कुत्र्यांचं जंतनिर्मूलन आणि मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्यांना न घालणं. ही सगळी जागा ठरवण्याची तीच विद्या आहे, फक्त मॅट नाही.

औपचारिक शिक्षणाचं थोडक्यात. आपल्याकडे माफसूच्या (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या) परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर या कॉलेजांत आणि अकोल्याच्या पदव्युत्तर संस्थेत चौकशी करा, मेडिसिन किंवा सर्जरीत एमव्हीएससी करून थिसिसचा विषय न्यूरोचा घेता येतो, मार्गदर्शक कोण आहे आणि तिथे महिन्याला न्यूरो केसेस किती येतात हे आधी जाऊन बघा, प्रवेश नंतर. पूर्ण स्पेशालिस्ट व्हायचं तर युरोपियन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी न्यूरॉलॉजी किंवा अमेरिकेचं एसीव्हीआयएम (अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी इंटर्नल मेडिसिन). आधी साधारण वर्षाची इंटर्नशिप, मग तीनेक वर्षांची रेसिडेन्सी आणि परीक्षा, जागा कमी आणि स्पर्धा खूप. नोकरी सोडायची नसेल तर युरोपातल्या ईसॅव्ह्ज या संस्थेसारखे टप्प्याटप्प्याचे कोर्स आहेत, खर्च बराच येतो. आणि एकही रुपया न घालता अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे डॉ. अलेक्झांडर डी लाहुंटा यांनी आयुष्यभर जमवलेले केसेसचे व्हिडिओ बघता येतात. आवाज बंद करून बघा, जागा लिहा, मग आवाज चालू करा.

सीएसएफ (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी) काढायला मात्र व्हिडिओवरून शिकू नका. आधी मेलेल्या जनावरावर वीस-पंचवीस वेळा, मग कुणाच्या तरी हाताखाली. मेंदूचा दाब वाढल्याची शंका असेल तर काढायचंच नाही. पाच किलोला एक मिलीपेक्षा जास्त घेऊ नका आणि अर्ध्या-एक तासात पेशी मोजल्या जातील अशी सोय आधी करून ठेवा, उशीर झाला की पेशी विरघळतात.

आणि केस वाचली नाही तर मालकाला पीएमबद्दल (शवविच्छेदनाबद्दल) विचारा. अवघड वाटतं, पण नीट समजावलं तर बरेच जण हो म्हणतात. मेंदू काढताना मास्क, गॉगल, दुहेरी ग्लोव्हज, करवतीने तुषार उडवायचे नाहीत. ब्रेनस्टेम आणि सेरेबेलमचा (लहान मेंदूचा) ताजा तुकडा बर्फावर रेबीज तपासणीला, बाकीचा १० टक्के फॉर्मलिनमध्ये. रिपोर्ट आला की वहीतलं ते जुनं पान काढा, आपण तेव्हा कुठली जागा लिहिली होती ते बघा, शेजारी खरी जागा लिहा आणि मालकाला फोन करून काय निघालं ते सांगा.