मुलांनी स्वतः रंगवलेल्या कागदाचा आकाशकंदील

दिवाळीच्या सुट्टीत चार ते सात वर्षांच्या मुलांकडून हातकाम करून घ्यायचे असेल, तर रंगकाम आणि कागदकाम वेगवेगळे न ठेवता आधी कागद रंगवून त्याच कागदाची वस्तू करावी. छापील चित्रात रेषेच्या आत रंग भरण्याने हात स्थिर होतो हे खरे, पण ते पान रंगवून झाले की वहीतच राहते. स्वतः रंगवलेल्या कागदाचा कंदील मात्र दारात लागतो, आणि मूल तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसते.

कंदिलासाठी ए-फोर आकाराचा ड्रॉइंग पेपर घ्यावा. झेरॉक्सचा पातळ कागद पाण्याने लगेच सुरकुततो आणि कार्डशीटची घडी मुलांच्या बोटांनी दबत नाही. याशिवाय मेणाचे किंवा तेलाचे खडू, जलरंग, जाड ब्रश, बोथट टोकाची कात्री, आतल्या नळीसाठी पिवळा घोटीव कागद आणि झिरमिळ्यांसाठी पतंगाचा कागद एवढे साहित्य पुरते. चिकटवण्यासाठी खळ घरीच करावी. दोन चमचे मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालवावा आणि मंद आचेवर ढवळत शिजवावा. मिश्रण घट्ट होऊन किंचित पारदर्शक दिसू लागले की उतरवावे. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची पद्धत आहे, परंतु ते विषारी असल्याने मुलांच्या खळीत अजिबात घालू नये. त्याऐवजी लागेल तेवढीच खळ करावी आणि उरलेली दुसऱ्या दिवशी टाकून द्यावी.

रंगवण्याची सुरुवात खडूने करावी. ठिपके, वेलांट्या, मासे, स्वतःचे नाव, जे सुचेल ते मुलाने काढावे. मोठ्यांनी एवढेच पाहावे की खडू दाबून फिरवला जातो आहे. त्यावर पातळ केलेल्या जलरंगाचा हात फिरवला की खडूतील मेण पाण्याला थारा देत नाही, त्यामुळे रंग रेषेवरून ओघळून बाजूच्या कागदात मुरतो आणि रेषा जशीच्या तशी उठून दिसते. पांढऱ्या खडूने काढलेले, आधी जवळपास न दिसणारे चित्र निळ्या रंगाखालून एकाएकी वर येते, तेव्हा मुले पुन्हा करायला दुसरा कागद मागतात. तो हाताशी ठेवावा. पोस्टर रंग यासाठी फारसा उपयोगी नाही, कारण तो घट्ट असल्याने खडूच्या रेषाही झाकून टाकतो. खडू नको असतील तर आडव्या चिरलेल्या भेंडीचे ठसे उमटवावेत. तिच्या बहुधा पाच कंगोऱ्यांमुळे प्रत्येक ठसा फुलासारखा येतो. भेंडी आधी फडक्याने पुसून घेतली नाही तर तिच्या चिकटपणामुळे रंग ओघळतो.

कागद पूर्ण वाळेपर्यंत कात्री हातात देऊ नये. ओला कागद कापला जात नाही, चुरगळतो, आणि मुलाला वाटते की आपल्यालाच कापता येत नाही. या वेळात लहान मुलांना जुने वर्तमानपत्र फाडायला द्यावे. कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने असतात, त्यामुळे वर्तमानपत्र उभे फाडले तर पट्टी सरळ येते आणि आडवे फाडले तर वाकडी. हे मुलांना स्वतःच शोधू द्यावे. या पट्ट्या पुढे झिरमिळ्यांमध्येही वापरता येतात.

वाळलेला कागद रंगीत बाजू बाहेर ठेवून लांबीत दुमडावा आणि घडी नखाने घासून पक्की करावी. सुट्या कडेपासून दोन सेंटिमीटर आत मोठ्यांनी पेन्सिलीची रेघ मारून द्यावी, कारण सारी चूक होते ती तिथेच: मुले घडीच्या बाजूने कापायला लागतात आणि भरात कागदाच्या पार टोकापर्यंत जातात. बोटभर अंतराने, घडीकडून रेघेपर्यंत काप द्यावेत. काप वाकडे आले तरी चालतात.

आता घोटीव कागद २९ सेंटिमीटर लांब आणि १७ सेंटिमीटर रुंद कापून सपाट पसरावा. रंगीत कागद उघडून त्याची वरची कड घोटीव कागदाच्या वरच्या कडेला आणि खालची कड खालच्या कडेला चिकटवावी. बाहेरचा कागद उंचीला २१ सेंटिमीटर असल्याने मधल्या पट्ट्या आपोआप फुगून बाहेर येतात. मग दोन्ही कागद एकत्र गुंडाळून नळी करावी, टोके एकमेकांवर घेऊन चिकटवावीत आणि खळ वाळेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावून ठेवावेत.

झिरमिळ्यांसाठी पतंगाच्या कागदाची वीतभर रुंद पट्टी घ्यावी, वरची तीन बोटे सोडून खाली बारीक उभे काप द्यावेत आणि ती कंदिलाच्या खालच्या कडेला आतून चिकटवावी. पतंगाचा कागद ओलसर खळीने विरतो, म्हणून ती बोटाने अगदी पातळ लावावी. वर समोरासमोर दोन भोके पाडून दोरा ओवावा. भोकांवर आधी कागदाचा छोटा तुकडा चिकटवल्यास ती फाटत नाहीत. आत पणती किंवा मेणबत्ती कधीही ठेवू नये, बॅटरीवर चालणारा छोटा एलईडी दिवा सोडावा. दव पडत असेल तर कंदील रात्री आत घ्यावा, कारण खळ ओल धरते आणि सकाळपर्यंत जोड सुटतो.